यष्टींमागचा माणूस

न्यायालयाच्या आवारात आणि क्रिकेटच्या मैदानावर सारख्याच वजनाने वावरणारा एक शब्द आहे. तो म्हणजे अपील. क्रिकेटच्या नियमावलीत असे स्पष्ट म्हटले आहे की, क्षेत्ररक्षकांनी दाद मागितल्याखेरीज पंचाने फलंदाजाला बाद ठरवू नये. फलंदाज बाद असल्याचे पंचाला दिसत असले, तरी कोणी तक्रार केली नाही तर त्याने मौन पाळावयाचे. आमच्या दिवाणी न्यायालयाचीही रीत हीच. आणि या मैदानी न्यायालयात सर्वांत जवळून पाहणारा साक्षीदार जो यष्टिरक्षक, तोच बहुधा पहिला फिर्यादीही असतो. साक्षीदार हितसंबंधी असला म्हणजे त्याची जबानी सावधपणे तोलावी, असे आम्हांला शिकवलेले असते. म्हणूनच ज्या यष्टिरक्षकाच्या शब्दाला पंच आणि प्रतिस्पर्धी दोघेही मान देतात, तो मनुष्य वेगळ्या जातकुळीचा समजावा. असा एक मनुष्य म्हणजे इंग्लंडचा रॉबर्ट विल्यम टेलर. क्रिकेटजगताला परिचित असलेला बॉब टेलर.

आकडेच पाहावयाचे तर पहिल्या दर्जाच्या ६३९ सामन्यांत टेलरने १,६४९ फलंदाजांना बाद करण्यात हात लावला. त्यांत १,४७३ झेल आणि १७६ यष्टिचीत. आजवर एवढी मजल कोणत्याही यष्टिरक्षकाने गाठलेली नाही. मिडलसेक्सचा जॉन मरे १,५२७ वर थांबला, सरेचा जुना हर्बर्ट स्ट्रडविक १,४९७ वर. आता वर्षाकाठी पहिल्या दर्जाचे सामने इतके थोडे होतात की, हा उच्चांक मोडेल अशी चिन्हे नाहीत. आणि तरीही या माणसाच्या वाट्याला कसोटी सामने आले ते अवघे सत्तावन्न. या दोन आकड्यांमधले जे अंतर आहे, तोच टेलरच्या आयुष्याचा खरा इतिहास होय.

टेलरचा जन्म १७ जुलै १९४१ रोजी स्टोक-ऑन-ट्रेंट येथे झाला. चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले हे गाव स्टॅफर्डशरमध्ये मोडते, आणि स्टॅफर्डशरचा संघ काउंटी अजिंक्यपदाच्या स्पर्धेत नसे. त्यामुळे त्याचे पहिले क्रिकेट दुय्यम काउंट्यांचे. १९६० साली अशा काउंट्यांच्या संयुक्त संघातून तो पाहुण्या दक्षिण आफ्रिकी संघाविरुद्ध पहिल्या दर्जाचा पहिला सामना खेळला. पुढल्या वर्षी शेजारच्या डर्बीशरचा यष्टिरक्षक जॉर्ज डॉक्स जायबंदी झाला, म्हणून या तरुण पोराला बोलावण्यात आले. दुसऱ्याच्या दुखापतीने उघडलेल्या दारातून तो आत शिरला, तो १९८४ पर्यंत तिथेच राहिला.

डर्बीशर म्हणजे काही श्रीमंत काउंटी नव्हे. कोळशाच्या खाणींचा प्रदेश, ढगाळ हवा, हिरव्यागार खेळपट्ट्या, आणि फलंदाजांपेक्षा वेगवान व मध्यमगती गोलंदाजांची परंपरा. अशा ठिकाणी चेंडू हवेतही वळतो आणि टप्पा पडल्यावरही. लेस जॅक्सन, हॅरल्ड ऱ्होड्स, पुढे माइक हेंड्रिक अशा गोलंदाजांमागे उभे राहण्यात टेलरची तारुण्याची वर्षे गेली. १९६३ साली चेस्टरफील्डला हॅम्पशरविरुद्ध एका सामन्यात त्याने दहा झेल घेतले. पण यष्टिरक्षणाची गंमत अशी की, दहा झेल ज्याच्या नावावर लागतात त्याने त्याच सामन्यात शेकडो चेंडू नुसतेच मुकाट्याने अडवलेले असतात आणि त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. सुटलेल्या चेंडूंच्या ‘बाय’ धावा मात्र लिहिल्या जातात. चूक नोंदवावयाची आणि कर्तव्य गृहीत धरावयाचे, हा हिशेब घरातल्या बायकांच्या वाट्याला येतो, नाही तर यष्टिरक्षकाच्या.

या कलेचे मर्म थोडक्यात सांगता येईल. यष्टिरक्षक दोन ठिकाणी उभा राहतो. वेगवान गोलंदाजाला दहा-पंधरा पावले मागे, फिरकीला अगदी यष्टींना खेटून. मागे उभे असताना पायांची चपळाई लागते. जवळ उभे असताना डोळ्यांची आणि धीराची. कारण तिथे फलंदाजाचे शरीर आडवे येते, बॅट डोळ्यांसमोरून फिरते, आणि चेंडू बॅटीला लागला की नाही हे कळण्याआधीच हातमोजे योग्य जागी असावे लागतात. बसल्या जागेवरून फार लवकर उठले तर खाली राहणारा चेंडू निसटतो. उशिरा उठले तर उसळणारा. चेंडूच्या उसळीबरोबर उठावयाचे आणि तो हातांत येताच हात किंचित मागे घ्यावयाचे, म्हणजे आवाजही होत नाही आणि बोटेही मोडत नाहीत. टेलरचे सारे यष्टिरक्षण असे निःशब्द होते. उगाच सूर मारणे नाही, जमिनीवर लोळणे नाही, आरडाओरडा नाही. इतरांना ज्यासाठी झेप घ्यावी लागे, तिथे तो दोन पावले आधीच पोहोचलेला असे. त्यामुळे त्याचा अवघड झेलही सोपा वाटे. त्याने १९८५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव ‘स्टँडिंग अप, स्टँडिंग बॅक’. म्हणजे जवळ उभे राहणे आणि मागे उभे राहणे. नाव यष्टिरक्षणाच्या परिभाषेतले खरे. परंतु त्याच्या चरित्राशी ज्याचा परिचय आहे, त्याला त्यातल्या दुसऱ्या पदाचा अर्थ अधिक खोलवर जाणवतो.

कारण टेलरच्या पुढे केंटचा ॲलन नॉट उभा होता. टेलरहून पाच वर्षांनी लहान असलेला नॉट १९६७ मध्ये कसोटी संघात आला आणि तिथे स्थिर झाला. तोही असामान्य यष्टिरक्षक, त्यात कोणाला शंका नाही. आणि त्याच्या हाती बॅटही होती. कसोटीत त्याने पाच शतके काढली, सरासरी बत्तिसाच्या वर. टेलरची कसोटीतील सरासरी सोळाच्या थोडी वर राहिली, आणि पहिल्या दर्जाच्या साऱ्या कारकिर्दीत शतक एकच, तेही १९८१ साली, वयाच्या चाळिशीत. नुसते हातमोजे तोलले असते तर टेलरचे पारडे खाली गेले असते, असे मानणारे जाणकार इंग्लंडात पुष्कळ होते. परंतु निवड समितीच्या तराजूत बॅटही घालावी लागते. तेव्हा हा अन्याय होता असेही म्हणता येत नाही. आयुष्यातली कठीण गोष्ट हीच की, कित्येकदा कोणाचाही अन्याय नसतो आणि तरीही आपली पाळी येत नाही.

आम्ही वकिलीच्या प्रारंभी एका ज्येष्ठांच्या कचेरीत सहा वर्षे कागदपत्रांची पुडकी वाहिली. खटल्याची सारी सिद्धता आम्ही करावी, रात्री जागून नजिरा शोधाव्यात, आणि न्यायाधीशांसमोर उभे राहण्याची वेळ आली की मागच्या बाकावर बसावे. त्या वर्षांत आपण उपेक्षित आहोत, या विचाराने मन पुष्कळ कडवट होई. पुढे टेलरची हकीकत वाचनात आली तेव्हा आमच्या सहा वर्षांची आम्हांलाच लाज वाटली. नॉटचा साहाय्यक म्हणून तो सातासमुद्रांपलीकडचे दौरे करी, सरावात चेंडू अडवी, सामन्याच्या दिवशी तंबूत बसे, आणि घरी परतला की डर्बीशरसाठी पुन्हा यष्टींमागे बसे. त्याच्या बोलघेवड्या स्वभावामुळे सोबत्यांनी त्याला ‘चॅट’ असे टोपणनाव दिले होते. पाहुण्यांशी, अनोळखी माणसांशी, यजमानांशी तो तासन्‌तास गप्पा मारी. ज्याच्या मनात सल असेल तो असा मोकळा बोलू शकत नाही.

१९७०-७१ च्या हिवाळ्यात रे इलिंगवर्थच्या इंग्लंड संघाने ऑस्ट्रेलियात ॲशेस जिंकल्या. परतीच्या वाटेवर न्यूझीलंडमध्ये दोन कसोटी सामने होते. दौऱ्यातील सेवेचे फळ म्हणून क्राइस्टचर्चच्या पहिल्या सामन्यात टेलरला घेण्यात आले. एकोणतीस वर्षांच्या टेलरची ही पहिली कसोटी. पुढचा सामना ऑकलंडला. तिथे नॉट परतला, आणि त्याने एका डावात १०१ व दुसऱ्यात ९६ धावा काढल्या! यावर वादविवाद तो काय करावयाचा? दार पुन्हा बंद झाले, ते जवळजवळ सात वर्षांसाठी.

ते उघडले तेही एका खटल्याच्या निमित्ताने. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील धनाढ्य वृत्तपत्रमालक केरी पॅकर याने जगातील नामांकित खेळाडूंशी करार करून स्वतंत्र सामने उभे केले. नॉटही त्यांत गेला. क्रिकेटच्या अधिकारी मंडळांनी अशा खेळाडूंवर बंदी घातली, तेव्हा टोनी ग्रेग आदी खेळाडू लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती स्लेड यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये निकाल दिला की, ही बंदी म्हणजे व्यवसायस्वातंत्र्याचा बेकायदा संकोच होय. कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे हे निकालपत्र आहे. तथापि न्यायालय बंदी उठवू शकते. संघात अमक्याला घ्या असा हुकूम देऊ शकत नाही. निवड समितीने पॅकरच्या खेळाडूंकडे पाठ फिरवली, आणि डिसेंबर १९७७ मध्ये लाहोरला छत्तीस वर्षांचा टेलर आपल्या दुसऱ्या कसोटीसाठी मैदानात उतरला. ज्या वयात इतरांचे निरोपसमारंभ होतात, त्या वयात याची कारकीर्द सुरू झाली. १९७९ च्या प्रारंभी ॲडलेड येथे इंग्लंडची स्थिती दुसऱ्या डावात ६ बाद १३२ अशी असताना, डर्बीशरचाच सोबती जेफ मिलर याच्यासह त्याने १३५ धावांची भागी केली आणि सामना फिरवला. स्वतः मात्र ९७ वर बाद झाला, तोही प्रतिस्पर्धी यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन. कसोटी शतक त्याला कधीच लाभले नाही.

आता मुंबईकडे वळू. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ ची. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाप्रीत्यर्थ इंग्लंडला एका कसोटीसाठी पाचारण करण्यात आले, आणि हा सामना १५ फेब्रुवारी १९८० रोजी वानखेडे मैदानावर सुरू झाला. पहिल्याच दिवशी भारताचा डाव २४२ धावांत आटोपला. बळी घेणाऱ्यांत प्रमुख होता इयान बोथम. परंतु दहांपैकी सात झेल टेलरच्या हातमोज्यांत विसावले होते. एका डावात सात बळींचा पाकिस्तानच्या वासिम बारीचा विक्रम आदल्याच वर्षीचा. टेलरने त्याची बरोबरी केली.

दुसऱ्या दिवशी, १६ फेब्रुवारीला, खेळ नव्हता. कारण त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते, आणि विश्रांतीचा दिवस मुद्दाम त्या तिथीला ठेवला होता. ग्रहणाचा खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हुबळी-रायचूरमार्गे पूर्वेकडे पुरीपर्यंत गेला. आमचे आजोळ कारवारचे. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. भर दुपारी काळोख पडला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि आजीने आम्हांला देवघरात नेऊन ठेवले, ही गोष्ट आम्ही तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकली आहे. दुसऱ्या दिवशी मामा रेडिओला कान लावून बसले होते, हाही त्या गोष्टीचाच शेवटचा भाग असे. त्या रेडिओवरून काय ऐकू येत होते ते आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले.

इंग्लंडचे पाच फलंदाज ५८ धावांत परतले होते. बोथमच्या जोडीला टेलर आला. तो स्थिरावण्यापूर्वीच एका चेंडूवर यष्टींमागे झेल पकडल्याचे अपील झाले आणि पंच हनुमंतराव यांनी बोट वर केले. टेलर क्षणभर घुटमळला. चेंडू बॅटीला लागलेला नाही, हे त्याला ठाऊक होते. पण बॅट काखेत मारून निमूट परतणे, एवढेच फलंदाजाच्या हाती असते. पहिल्या स्लिपमध्ये उभा होता भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ. त्याने कर्णधार म्हणून केवळ दोन कसोटी सामन्यांत नेतृत्व केले, त्यांतला हा दुसरा. चेंडू आणि बॅट यांच्यात अंतर होते, हे त्याने पाहिले होते. तो पंचांकडे गेला, अपील मागे घेतले, आणि टेलरला परत बोलावले.

पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. बोथम आणि टेलर यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या. बोथमने ११४ काढल्या. टेलरने चिवटपणे ४३. इंग्लंडचा डाव २९६ पर्यंत गेला. मग बोथमने पुन्हा सात बळी घेऊन भारताला १४९ मध्ये गुंडाळले. सामन्यात त्याचे तेरा बळी झाले, आणि एकाच कसोटीत शतक व दहा बळी अशी जोड त्यापूर्वी कोणालाही साधली नव्हती. टेलरच्या झेलांची बेरीज दहा झाली. हाही तेव्हा कसोटीतला विक्रमच. तो पुढे १९९५ साली इंग्लंडच्याच जॅक रसेलने जोहान्सबर्ग येथे अकरा बळी घेऊन मोडला. इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला.

विश्वनाथने केले ते योग्य होते काय? हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि आजही विचारला जातो. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, कर्णधार हा अकरा जणांचा आणि त्यांच्यामागे असलेल्या देशाचा विश्वस्त असतो. विश्वस्ताने स्वतःच्या औदार्यासाठी दुसऱ्याची ठेव उधळू नये. शिवाय निकाल देणे हे पंचांचे काम. ते चुकले तर चुकीचा भार त्यांच्यावर. युक्तिवाद भक्कम आहे. आम्हीही तो न्यायालयात मोठ्या आवेशाने मांडला असता.

परंतु त्यात एक छिद्र आहे. अपील ही केवळ ओरड नसते, ते एक विधान असते: हा फलंदाज बाद आहे, असे आम्ही म्हणतो. संघाच्या वतीने केलेले ते विधान असत्य आहे असे संघनायकाला डोळ्यांनी दिसले, तर ते तसेच राहू देणे म्हणजे प्रतिज्ञापत्रातील खोटे विधान ठाऊक असून न्यायालयापुढे राहू देण्यासारखे होय. विश्वस्ताला ठेव सांभाळावयाची असते. परंतु जी ठेव आपली नाही, ती तिजोरीत ठेवून घेण्याचा अधिकार त्याला नसतो. टेलरचा बळी भारताचा नव्हताच, मग तो उधळला कसा म्हणता येईल? नियमावलीही इथे कर्णधाराच्या बाजूने आहे. पंचांच्या संमतीने अपील मागे घेण्याची मुभा तिने दिलेलीच होती. आम्ही वकिलीत हरलेल्या पक्षाचे पुनर्विलोकनाचे अर्ज शेकड्यांनी पाहिले. पण निकाल आपल्या बाजूने लागल्यावर ‘हा निकाल चुकला, रद्द करावा’ असे म्हणत उभा राहिलेला वादी अद्याप पाहिला नाही.

आणि पराभवाचे खापर त्या एका कृतीवर फोडणे हेही कार्यकारणभावाला सोडून आहे. दुसऱ्या डावात दीडशे धावाही न होण्याशी टेलरच्या त्रेचाळीस धावांचा संबंध नव्हता. आमच्या मते त्या प्रसंगात दैवाची एक उचित योजना होती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्ध दाद मागितली आणि ती मागताना तारतम्य राखले, तोच चुकीच्या निकालाचा बळी होऊ घातला होता, आणि त्याला सोडवले ते प्रतिपक्षानेच.

यानंतर टेलरचे दिवस पालटले असे मात्र नव्हे. १९८० मध्येच नॉट पुन्हा काही सामन्यांसाठी परतला. १९८१ च्या हेडिंग्ली कसोटीत, जी बोथमच्या फलंदाजीने आणि बॉब विलिसच्या आठ बळींनी अजरामर केली, टेलर यष्टींमागे होता. त्याच सामन्यात झेलांच्या संख्येत त्याने जॉन मरेला मागे टाकले. एक सामना झाला, आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीला त्याच्या जागी पुन्हा नॉट! त्याच वर्षी हिवाळ्यात तो इंग्लंडबरोबर भारतात आला. जानेवारी १९८२ मध्ये मद्रासच्या कसोटीत विश्वनाथने आपल्या कसोटी कारकिर्दीतील सर्वोच्च २२२ धावा काढल्या. एक अख्खा दिवस तो आणि यशपाल शर्मा यांनी गडी न गमावता खेळून काढला. दोन वर्षांपूर्वी ज्याला त्याने परत बोलावले होते, तो त्या दिवशी त्याच्या पाठीमागे अडीच हातांवर बसून त्याचा प्रत्येक फटका पाहत होता. याहून सुंदर परतफेड कोणती?

१९८४ च्या मार्चमध्ये पाकिस्तानात टेलर शेवटची कसोटी खेळला. वय बेचाळीस, खाती १६७ झेल आणि ७ यष्टिचीत. पण गोष्ट संपली नव्हती. १९८६ च्या जुलैमध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच फलंदाजी करताना रिचर्ड हॅडलीच्या चेंडूने जखमी झाला. त्या वेळच्या नियमांप्रमाणे बदली खेळाडूला यष्टिरक्षण करता येत नसे. परंतु न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनी याने संमती दिली. पंचेचाळिशीचा टेलर त्या दिवशी मैदानाबाहेरच्या तंबूत प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करीत होता. हातातले काम टाकून तो आला, हातमोजे चढवले, आणि सत्तरहून अधिक षटके त्याने अशी काही निर्वेध राखली, की मधली दोन वर्षे जणू गेलीच नव्हती. पुन्हा एकदा प्रतिपक्षाच्या सौजन्याने! पुढे २०१७ च्या नियमावलीत, पंचांच्या संमतीने बदली खेळाडूला यष्टिरक्षण करण्याची मुभा मिळाली. चांगला पायंडा पुष्कळदा आधी माणसाच्या मनात पडतो आणि मग कायद्यात उतरतो.

आमच्याकडे मुंबईचा नरेन ताम्हाणे हा याच पंथाचा. १९५५ ते १९६० या काळात एकवीस कसोटी सामने, एकावन्न बळी; हात निर्मळ, बॅट लहान. अशा यष्टिरक्षकांना आजच्या क्रिकेटमध्ये जागा उरलेली नाही. आता यष्टिरक्षक आधी फलंदाज असावा लागतो. आणि बॅटीला चेंडू लागला की नाही हे सांगायला कॅमेरे व ध्वनिलेखक यंत्रे आहेत. निकाल त्यामुळे अधिक अचूक झाले, याचा आम्हांला आनंदच आहे. यंत्रामुळे वानखेडेवरील तो निकाल काही क्षणांत फिरला असता आणि टेलर तसाच खेळत राहिला असता. फक्त एका माणसाने दुसऱ्यासाठी उठून बोलण्याची गरज राहिली नसती.

आमच्या कचेरीत आता दोन कनिष्ठ वकील आहेत. मागच्या बाकावर बसून त्यांची चेहरेपट्टी कधीकधी कडवट झालेली दिसते. अशा वेळी आम्ही त्यांना डर्बीशरच्या या यष्टिरक्षकाची हकीकत सांगतो. आणि पुढच्या तारखेला एखादा साक्षीदार त्यांच्याकडे उलटतपासणीसाठी सोपवतो. कारण मागे उभे राहण्याचा महिमा ज्येष्ठांनीच सांगत बसावे, यात थोडा लबाडीचा अंश आहे हे आम्ही जाणून आहो.